मुगाचे मोड शेवयांसारखे बारीक येतात, जाड कसे करू?

मोडाची आमटी
उसळीचे मोड मला झोपेतही जमतात. दिवसा भिजत घालायचे, रात्री फडक्यात घट्ट पुरचुंडी, दुसऱ्या दिवशी पेरभर मोड. पण लेकीला चायनीजच्या गाडीवरचे हवेत. लांब, जाड, रसरशीत. चाळणीत पसरून वर काळं फडकं टाकलं, दिवसातून चारदा पाणी मारलं. पाच दिवसांत चार इंच झाले, पण नुसत्या शेवया, त्यातही चिवट. मूग बदलले, दुकान बदललं. काय चुकतंय?

शंकासुर
युरिया मारत असतील गाडीवाले.

निवृत्त मास्तर
ताई, युरिया नको, वजन ठेवा. मुगावर ताटली, ताटलीवर वरवंटा.

गंमत बघा. तुमच्या उसळीतला मोड म्हणजे बहुतेक मूळच. हा चार इंची पांढरा दांडा मात्र खोडाचा. तो लांबतो तेव्हा नव्या पेशी फारशा होत नाहीत, असलेल्याच ताणल्या जातात. पेशीतल्या पाण्याचा दाब मोटारीच्या टायरपेक्षा जास्त, आणि तो चहूबाजूंनी सारखा. मग ती गोल का फुगत नाही? भिंतीत सेल्युलोजचे धागे भोवऱ्याच्या जाळीसारखे आडवे गुंडाळलेले असतात म्हणून. लांबायला मोकळीक, रुंदायला बंदी. हे धागे विणणारी एन्झाइमं पेशीच्या आत, भिंतीलगत असलेल्या सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून सरकतात. २००६ मध्ये ती सरकताना जिवंत पेशीत दिसलीसुद्धा. पण त्याच्या कितीतरी आधी, १९६२ साली पॉल ग्रीन यांनी नायटेला नावाच्या शेवाळाला कोल्चिसिन, म्हणजे हे रूळ मोडणारं रसायन, दिलं, आणि नळीसारख्या वाढणाऱ्या पेशी चेंडूसारख्या फुगू लागल्या. रूळ कुणाला दिसायच्या आधीच या माणसाने ते ओळखले! वर्गात हे सांगताना मी तास संपल्याची घंटा विसरायचो.

तर, दबलेला मोड इथिलीन वायू सोडतो. त्याने आडवे रूळ उभे होतात, नवे धागेही उभे पडतात आणि पेशी अंगाने भरते.

शंकासुर
मास्तर, वरून दाबलं की कणकेचा गोळापण आखूड आणि जाड होतो. त्यात वायू कशाला?

निवृत्त मास्तर
रास्त शंका. वजन न ठेवता डब्यात मुगाशेजारी पिकलेलं केळं ठेवा. तेही हाच वायू सोडतं. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला नेल्युबोव यांनी इथिलीन असलेल्या दिव्याच्या गॅसमुळे वाटाण्याची रोपं आखूड, जाड, वाकडी झालेली दाखवली. त्यांच्यावर कुणी वरवंटा ठेवला नव्हता.

मोडाची आमटी
सहा दिवसांनी येतेय. तीन डबे लावले होते. साधा डबा: शेवयाच. वरवंट्याखालचे अडीच इंच, पण आगकाडीपेक्षा जाड, दाताखाली कुर्रकन तुटतात. केळ्याच्या डब्यातले जेमतेम दोन इंच, गुबगुबीत, आणि शेंडा छत्रीच्या मुठीसारखा वळलाय. हेही त्या वायूचंच का? लेक त्यांना हात लावत नाही, केळ्याचा वास येतो म्हणे.

निवृत्त मास्तर
हो, तो आकडाही त्याचाच. मातीतून वर येताना कोवळा शेंडा घासू नये म्हणून रोप मान खाली घालूनच येतं. वासाचं म्हणाल तर लसणीची फोडणी द्या.

शंकासुर
आमच्या घरी वरवंटाच नाही. मिक्सरचं भांडं चालेल का?