1990 चा सर्वोत्तम मेटल अल्बम कोणता? एकच निवडा

सिंहगडरोडकर

आमच्या बँडच्या ग्रुपवर गेले काही दिवस 1990 वरून जुंपली आहे. आम्ही सगळे 2000 नंतर जन्मलेले, त्यामुळे त्या वर्षाची हवा कशी होती ते माहीत नाही, हाताशी फक्त याद्या. आणि यादी बघून छाती दडपते. जुलैत पँटेराचा काउबॉइज फ्रॉम हेल, ऑगस्टमध्ये अँथ्रॅक्सचा पर्सिस्टन्स ऑफ टाइम, सप्टेंबरात जुडास प्रीस्टचा पेनकिलर आणि मेगाडेथचा रस्ट इन पीस, ऑक्टोबरात स्लेअरचा सीझन्स इन द अबिस. शिवाय आयर्न मेडन, टेस्टामेंट, डेथ, क्रिएटर आहेतच.

आमचा गिटारवाला रस्ट इन पीसच्या पलीकडे काही ऐकून घ्यायला तयार नाही. मी ड्रम्स वाजवतो आणि माझा कौल पँटेराला आहे, त्यांचा ड्रमर विनी पॉलची ती टकटकीत किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) मला झोपेतही ऐकू येते. पण मी पडलो एकटा. ज्यांनी हे अल्बम त्या काळात किंवा त्याच्या आसपास ऐकलेत त्यांनी सांगा, एकच ठेवायचा तर कोणता, आणि का? "सगळेच भारी" हे उत्तर नको, ते आम्हालाही येतं.

कर्कश

रस्ट इन पीस. तुमचा गिटारवाला शहाणा आहे.

गिटारिस्ट मार्टी फ्रीडमन आणि ड्रमर निक मेन्झा या दोघांचा मेगाडेथमधला हा पहिला अल्बम, आणि पहिल्याच फटक्यात 'हँगर 18' च्या शेवटची ती सोलोंची, म्हणजे एकट्या गिटारच्या तुकड्यांची, देवघेव. बँडचा गायक-गिटारिस्ट मस्टेन एक फेकतो, फ्रीडमन दुसरा, आणि प्रत्येक वेळी वाटतं आता याच्या वर काय वाजवणार. 'टॉर्नेडो ऑफ सोल्स' चा सोलो तर मला तोंडपाठ आहे, गुणगुणता येतो. थ्रॅशमध्ये, म्हणजे मेटलच्या या वेगवान प्रकारात, गुणगुणता येणारे सोलो किती आहेत सांगा. विषय संपला.

रात्रपाळी

माझं मत पेनकिलर. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण 1990 ची चर्चा निघाली की ती गिटारवाल्यांच्याच ताब्यात जाते.

पोटापाण्यासाठी मी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम्स) वाजवतो आणि सुट्टीच्या दिवशी ड्रम किटवर बसतो. त्यामुळे कुठलंही गाणं लागलं की माझा कान आधी तळाला जातो, किक आणि स्नेअरकडे. तिथून ऐकलं तर ते वर्ष ड्रमरांचं आहे. मेन्झा, स्लेअरचा लोंबार्डो, विनी पॉल, अँथ्रॅक्सचा बेनांटे, सगळे एकाच वर्षात ऐन भरात. आणि या सगळ्यांत ज्याच्या येण्यानं बँडच बदलून गेला तो एकच, जुडास प्रीस्टचा स्कॉट ट्रॅव्हिस.

प्रीस्टचं आधीचं दशक आठवा. 1979 ते 1989 ड्रम्सवर डेव्ह हॉलंड. ब्रिटिश स्टील या अल्बमला तोच सरळ, आडमुठा ठोका हवा होता, तिथे दुसरं काही शोभलंच नसतं. पण 1986 मध्ये प्रीस्टचा टर्बो आला आणि त्याच वर्षी मेटॅलिकाचा मास्टर ऑफ पपेट्स आणि स्लेअरचा रेन इन ब्लड आला. हे तीन अल्बम लागोपाठ ऐका म्हणजे प्रीस्ट किती मागे पडला होता ते कळेल. 1988 च्या रॅम इट डाउनमध्ये तर चक्क ड्रम मशीन वापरलंय. ज्यांनी हेव्ही मेटलला चामडं, खिळे आणि दोन गिटारांचा मारा दिला त्यांच्या अल्बमवर मशीनचा ठोका. मला अजून ऐकवत नाही.

मग रेसर एक्स या बँडमधून ट्रॅव्हिस आला. आता पेनकिलरचं पहिलं गाणं लावा, हेडफोन घालून. सुरुवातीचे काही सेकंद गिटार नाही, गाणं नाही, नुसता ट्रॅव्हिस. खाली दोन्ही पाय सलग चालू, वर हात टॉम्सवरून स्नेअरवर येतात-जातात, आणि पायाचा एकही ठोका दुसऱ्यापेक्षा हलका पडत नाही. पोरांनो, हे वाटतं त्यापेक्षा फार कठीण आहे. वेग कोणालाही सरावानं येतो. डावा पाय उजव्याच्या ताकदीनं पडणं हे खरं काम. आणि बघा, बाराव्या स्टुडिओ अल्बमचं दार प्रीस्टनं नव्या माणसाला उघडायला दिलं. टिप्टन आणि डाउनिंग हे गिटारवाले त्याच्या मागून आत येतात, गायक हॅलफर्ड त्याच्याही नंतर. हॅलफर्ड त्या गाण्यात ज्या पट्टीत किंचाळतो ते त्याला आधीही येत होतं, पण खालून असा रेटा पूर्वी कधी नव्हता.

दुसरी गोष्ट त्या वर्षाची. अल्बमचं रेकॉर्डिंग फ्रान्समध्ये मिराव्हाल स्टुडिओत वर्षाच्या सुरुवातीलाच झालं होतं, निर्माता ख्रिस त्सांगारिडिस. पण उन्हाळ्यात हे लोक अमेरिकेत, नेव्हाडातल्या रेनोच्या कोर्टात बसले होते. 1978 च्या स्टेन्ड क्लास अल्बममधल्या एका गाण्यात छुपा संदेश आहे आणि तो ऐकून दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडली, असा दावा होता. ते गाणंही मुळात त्यांचं नव्हे, स्पूकी टूथ या बँडचं. ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला आणि सप्टेंबरात पेनकिलर बाहेर पडला. असल्या वर्षात एखाद्या बँडनं सबुरीचा अल्बम काढला असता तरी कोणी दोष दिला नसता. यांनी त्यांचा सगळ्यात आक्रमक अल्बम काढला.

माझ्याकडे पेनकिलर आणि रस्ट इन पीस हे दोन्ही अल्बम एकाच नव्वद मिनिटांच्या, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटांच्या, कॅसेटवर होते, मित्राच्या मोठ्या भावाकडून भरून घेतलेली. एका बाजूला रस्ट इन पीस, तो चाळीस मिनिटांचा, आरामात बसला. पेनकिलर शेहेचाळीस मिनिटांचा, त्यामुळे 'वन शॉट अ‍ॅट ग्लोरी' चा शेवट कापलेला. ते गाणं कसं संपतं हे मला फार उशिरा कळलं.

कर्कश

ड्रम्सबद्दल मान्य, पण दादा, अल्बम म्हणजे गाणी. पेनकिलरच्या शब्दांत काय आहे? आकाशातून मोटरसायकलवर येणारा लोखंडी तारणहार. इकडे 'होली वॉर्स' उत्तर आयर्लंडमधल्या धर्मावरून चाललेल्या मारामारीतून निघालंय. आजही बातम्या लावल्या की तेच गाणं आठवतं. विचार कुठल्या अल्बममध्ये जास्त आहे?

आणि मेन्झाला तुम्ही एका नावात गुंडाळलंत हे पटलं नाही.

हिवाळी_काळोख

तुम्ही सगळे इंग्लंड-अमेरिकेतच अडकलात. त्या वर्षीचा माझा अल्बम स्टॉकहोमचा आहे: एन्टूम्ब्डचा लेफ्ट हँड पाथ.

सनलाइट स्टुडिओ, निर्माता टोमास स्कोग्सबर्ग, आणि बॉस कंपनीचा एचएम-2 हा गिटारचा आवाज बदलणारा पेडल, चारही बटणं शेवटपर्यंत फिरवलेली. करवतीसारखा तो आवाज. नंतरची सगळी स्वीडिश डेथ मेटल त्या आवाजावर उभी राहिली. पेडल 1991 च्या सुमारास बंद झाला, तरी जुने पेडल लोक शोध शोध शोधून घेत राहिले, आणि शेवटी 2021 मध्ये बॉसला तो नव्यानं काढावा लागला. रस्ट इन पीस वाजवणारे भरपूर आहेत, पण त्याच्यासारखा आवाज घेऊन फिरणारे बँड किती? लेफ्ट हँड पाथचा आवाज मात्र आजही नवीन पोरं जशीच्या तशी घेतात, आपल्या इथलीसुद्धा.

शीर्षकगीताच्या दुसऱ्या अर्ध्यात वेग पडतो आणि ती संथ सुरावट येते, ती रात्री ऐका. याहून जास्त सांगत नाही.

रात्रपाळी

@हिवाळी_काळोख, लेफ्ट हँड पाथबद्दल वाद नाही. डेथ मेटलपुरती वेगळी यादी केली तर माझाही पहिला नंबर तोच. त्या वर्षी अमेरिकेतल्या टॅम्पाच्या मॉरीसाउंड स्टुडिओतून डेथचा स्पिरिच्युअल हीलिंग, ऑबिच्युअरीचा कॉज ऑफ डेथ आणि डिसाइडचा पहिला अल्बम निघाला, तरीही एन्टूम्ब्डच.

@कर्कश, मेन्झाबद्दल तुझं म्हणणं रास्त आहे, त्याच्यावर स्वतंत्र लिहायला हवं. हा माणूस आधी मेगाडेथच्याच ड्रमरचा टेक्निशियन होता, दुसऱ्याचे ड्रम्स लावून देणारा. तिथून तो त्याच स्टुलावर बसला. 'होली वॉर्स' मध्ये मधल्या गिटारच्या तुकड्यानंतर गाण्याची चाल जड होते, तिथे ऐक. तो वेग नुसता कमी करत नाही, ठोका मागे ओढून धरतो, आणि गाण्याचं वजन दुप्पट होतं. 'डॉन पॅट्रोल' तर फक्त बास आणि ड्रम्सवर उभं आहे, आणि लोक ते ओलांडून पुढे जातात. 'टॉर्नेडो' च्या सोलोखाली त्यानं किती मोकळी जागा सोडलीय बघ. तू तो सोलो गुणगुणू शकतोस यात फ्रीडमनइतकाच मेन्झाचा हात आहे. 2016 मध्ये लॉस एंजेलिसला कार्यक्रम चालू असताना स्टेजवरच तो गेला. वाजवताना. त्या दिवशी मी अख्खा अल्बम दोनदा लावला.

शब्दांचं म्हणशील तर विचार 'होली वॉर्स' मध्ये जास्त आहे, कबूल. पण पेनकिलरला तो लोखंडी मोटरसायकलवालाच हवा. त्या संगीतावर उत्तर आयर्लंडचा प्रश्न बसलाच नसता. मेटलला रागही लागतो आणि पुराणकथाही लागते, आणि दुसरी गोष्ट प्रीस्टइतकी मनापासून कोणी केली नाही.

@सिंहगडरोडकर, एक महत्त्वाचं. रस्ट इन पीस तुम्ही कुठला ऐकताय ते तपासा. 2004 मध्ये मस्टेननं तो नव्यानं मिक्स केला, म्हणजे रेकॉर्ड केलेले वेगवेगळे आवाज पुन्हा जुळवले. काही गाण्यांचं मूळ गायन सापडेना म्हणून ते त्यानं पुन्हा गाऊन भरलं. चौदा वर्षांनंतरचा आवाज तो, वेगळा कळतो. ड्रम्सचा पोतही बदललाय. 1990 चा अल्बम म्हणून मत द्यायचं तर 1990 चं मिक्स ऐकून द्या.

सिंहगडरोडकर

दादा, आम्ही 2004 चंच ऐकत होतो! गिटारवाल्याला मूळ मिक्सची सीडी शोधायला लावलंय.

पण दोन प्रश्न. तुमच्या यादीत लोंबार्डो नुसता नावाला आला, त्याचं काय? आणि पेनकिलरची सुरुवात मी बसवायला घेतली तर डावा पाय अर्ध्यात सोडून देतो. कुठून सुरू करू?

रात्रपाळी

लोंबार्डोला मी 2012 मध्ये बंगळुरूला प्रत्यक्ष पाहिलं, स्लेअर आले होते तेव्हा. त्यांचा गिटारिस्ट हॅनमन आजारी होता, त्याच्या जागी गिटारवर गॅरी होल्ट. सीझन्समधलं 'वॉर एन्सेम्बल' अल्बमवर ऐकताना वाटतं लोंबार्डो नुसता तुटून पडलाय. समोर बघितल्यावर कळलं की खांदे हलतच नाहीत, सगळं मनगटातून आणि घोट्यातून चाललंय. सीझन्स इन द अबिस माझ्या यादीत दुसरा, रस्ट इन पीसच्याही वर, आणि ते त्याच्यामुळे. पहिला नाही, कारण स्लेअर 1986 लाच, रेन इन ब्लडनं, तिथे पोचले होते. चार वर्षांनी त्यांनी त्यात संथपणा आणि भय भरलं, शीर्षकगीत त्याचा कळस, पण बँड तोच राहिला. प्रीस्टनं कात टाकली.

आता पाय. पेनकिलर आत्ता हात लावू नकोस, नुसता दुखणं घेऊन बसशील. आधी त्याच अल्बमवरचं 'अ टच ऑफ ईव्हिल' बसव. संथ आहे, प्रत्येक ठोका उघडा पडतो, लपायला जागा नाही. मग मेट्रोनोम सावकाश ठेवून नुसत्या डाव्या पायानं किक मार, उजवा जमिनीवर. डाव्याचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड कर, मग उजव्याचा, आणि दोन्ही डोळे मिटून ऐक. कुठला पाय कुठला हे ओळखू येतंय तोवर वेग वाढवायचा नाही. स्टूल थोडं उंच घे, मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती हवी. टाच वर. आणि किकच्या पेडलची स्प्रिंग दोन्हीकडे सारखी ताणलेली आहे का ते बघ, भाड्याच्या सराव खोलीतल्या किटवर ती हमखास वेगवेगळी असते.

रेकॉर्डिंग इथे टाक, ऐकून सांगतो.