कोरोनातली शाळा आणि आमचे सण : बेने इस्राएल कुटुंबांचे अनुभव

बेने इस्राएल म्हणजे महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू. आपल्याकडे ज्यू मूल वर्गात बहुधा एकटंच असतं. 2020 साली शाळा घरात आली, तेव्हा शब्बाथचं (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाचं), उपासांचं, सणांचं काय झालं? तेव्हा शाळेत असलेल्यांनी, पालकांनी, शिक्षकांनी जरूर लिहा.

ठाणे, तेव्हा नववीत

किप्पूरला, म्हणजे आमच्या क्षमायाचनेच्या कडक उपासाच्या दिवशी, बाबांची चिठ्ठी दिली की बाई दरवर्षी सुट्टी द्यायच्या. त्या वर्षी किप्पूर सोमवारी आला, 28 सप्टेंबरला. बाबांनी आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं. उत्तर आलं, "घरीच तर आहे ना, लिंक उघडून नुसता बसू दे."

किप्पूरला अन्नपाणी नाही आणि फोनलाही हात लावायचा नाही, हे त्यांना कोण समजावणार? प्रार्थनास्थळं बंद होती, ती उघडली थेट 16 नोव्हेंबरला. त्यामुळे सिनेगॉग (आमचं प्रार्थनास्थळ) नाही, आणि दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाहीत त्या प्रार्थनाही नाहीत. बाबा हॉलमध्ये उभे राहून उरलेल्या म्हणत होते. फोन कपाटात होता. तो थरथरला की लाकडाचा घर्र आवाज यायचा आणि वाटायचं, आता हजेरी घेत असतील. गैरहजेरी लागलीच. उपास मला लहानपणापासून जमतो. पण "घरीच तर आहे" हे अजून लागतं.

पनवेल, आई

मुलगी दहावीला होती. भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. मधल्या काळात तिने पुस्तक मिटलंही नाही आणि वाचलंही नाही. पेसाह, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामगिरीतून सुटकेचा आमचा सण, त्यातच आला, 8 एप्रिलच्या संध्याकाळी. मात्झा (या सणाची बिनखमिराची पोळी) मिळायची सोय नव्हती, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. काळ्या मनुका होत्या घरात. त्या भिजवून, कुस्करून, फडक्यातून पिळून सरबताची जबाबदारी तिने घेतली. हात जांभळे झाले होते, पण कित्येक दिवसांनी ती कशात तरी रमली होती. दिवस मावळायच्या आत अलिबागला आजोबांना फोन केला, कारण सण लागल्यावर फोन करता आला नसता.

मुंबई, शिक्षिका

ठाण्याचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे मीटिंगला कोण आलं त्याची यादी वरिष्ठांना जायची, तीच हजेरी. पण सणाची सुट्टी ती सणाची सुट्टी, मूल शाळेत असो की घरात. बाईंनी द्यायलाच हवी होती.

दिमोना (इस्रायल), तेव्हा आठवीत

इथे सणाला शाळाच बंद, त्यामुळे तो प्रश्न नाही. आमचं दुखणं वेगळं. दुसरा लॉकडाऊन 18 सप्टेंबरला दुपारी लागला आणि त्याच संध्याकाळी रोश हाशाना, आमचं नवं वर्ष. घरापासून एक किलोमीटरच्या पुढे विनाकारण जायचं नाही. आजी अश्दोदला एकटी. सणाचा गव्हाच्या चिकाचा हलवा तीच करते, तो त्या वर्षी झाला नाही. एरवी मात्र ती रोज दुपारी फोनवर माझा गणिताचा गृहपाठ मराठीतून घ्यायची. घरात कॉम्प्युटर एक, भावंडं तीन. माझ्या पाळीला निम्मा तास संपलेला असायचा, उरलेलं आजीकडून.

पुणे, वडील

एक सुचवतो. आपले सण दरवर्षी वेगळ्या तारखेला येतात, शाळेच्या लक्षात राहणं शक्य नाही. मी जूनमध्येच वर्गशिक्षकांना वर्षभराच्या तारखा लेखी देतो, दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो हेही लिहून. शुक्रवार संध्याकाळचे ऑनलाइन क्लास त्यामुळेच टळले. शनिवारच्या चाचणीचं अजून भांडतोय.