आयसीयूतून आल्यापासून बाबा बदललेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बाबांना (वय ६८, बेस्टमधून निवृत्त कंडक्टर) जुलैत लेप्टो झाला. कुर्ल्यात पाणी तुंबलेलं, त्यातून चालत घरी आले, पायाला जखम होतीच. आधी ताप, मग कावीळ, लघवी बंद. डायलिसिस झालं, फुप्फुसात गेल्यावर व्हेंटिलेटर. त्यातून वाचले. आता किडनी ठीक, एक्स-रे स्वच्छ. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट उत्तम आहेत, काळजीचं कारण नाही.

पण रात्री दिवा मालवू देत नाहीत. मायक्रोवेव्ह वाजला की दचकून उठून बसतात, घामाघूम. आयुष्यभर तिकिटांचा हिशोब तोंडी केलेल्या माणसाला परवा दूधवाल्याच्या बिलाची बेरीज जमेना, तर वही भिरकावून दिली. फॉलोअपला निघालो की हॉस्पिटलचं गेट दिसताच रिक्षावाल्याला म्हणतात, "मागे घे."

आई देवळात गेलेली असताना त्यांनी मला एकटीला सांगितलं, की तिथे त्यांना डेपोत डांबून ठेवलं होतं. कॅश कमी भरली म्हणून. दोन बायका रोज येऊन अंगातलं रक्त काढून न्यायच्या आणि हात कॉटला बांधलेले. "तुम्ही काचेतून बघत होतात, एकानेही सोडवलं नाही."

दादाचं म्हणणं, भ्रम होता असं सांग आणि विषय संपव. पण हात खरंच बांधले होते! घशातली नळी उपसू नये म्हणून. तशी कल्पना आम्हाला दिली होती, सहीही घेतली होती. मग "असं काही झालंच नाही" कुठल्या तोंडाने सांगू? आणि हे नेमकं दाखवायचं कोणाला? मानसोपचार हा शब्द काढला की "मी वेडा झालोय का" सुरू होतं. शेजारच्या काकांनी स्वतःची झोपेची गोळी देऊ केलीय, अजून दिलेली नाही.

नामस्मरणी: ताई, एवढ्या मोठ्या दुखण्यातून काका उठले हीच देवाची कृपा. जुनं उगाळू नका. संध्याकाळी हरिपाठ लावा, मन रमेल.

धागाकर्ती: हरिपाठ रोज लागतो हो आमच्याकडे. बाबा ऐकतात, आणि रात्री पुन्हा डेपोत जातात.

पांढरीसाडी: मी आयसीयूत सिस्टर आहे, बरीच वर्षं. आयसीयूत बाबांना जे दिसलं, त्याला डिलिरियम म्हणतात. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये सर्रास दिसतो. जंतुसंसर्ग, रक्तात साठलेला युरिया, गुंगीची औषधं, त्यात चोवीस तास ट्यूबलाइट, दिवस-रात्र कळत नाही. अशा वेळी मेंदू हाताशी असलेल्या तुकड्यांतून गोष्ट जुळवतो. रक्त काढून नेणाऱ्या बायका म्हणजे डायलिसिसच्या नळ्या आणि आम्ही सिस्टर. बांधलेले हात खरे. डेपो त्यांचा स्वतःचा. मायक्रोवेव्हचं तर सांगायलाच नको, आमची मशिनं तशीच वाजतात.

घरी आल्यावर उरणारी भीती, झोपमोड, हिशोब न जमणं, अंगातली अशक्तता, या सगळ्याला मिळून पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम म्हणतात. हे नाव २०१२ पासून रूढ झालं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी अजून कोणी विचारत नाही. रिपोर्टमध्ये ते दिसणार नाही.

दादाचं ऐकू नका. खरं ते खरं सांगा: "हो, हात बांधले होते, नळी निघाली असती तर जीव गेला असता म्हणून." बाकीच्यावर वाद नको, "तुम्हाला तसं दिसलं, त्याचं कारण हे होतं" एवढं पुरे. डेन्मार्क-स्वीडनकडे सिस्टर आणि घरचे मिळून पेशंटची डायरी लिहितात, नंतर त्याला वाचायला देतात. तुमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या दिवसांचे मेसेज असतीलच की! तारखेवार काढा, डिस्चार्ज समरी शेजारी ठेवा आणि ते तयार असतील तेव्हा थोडं थोडं वाचा. नको म्हणाले तर थांबा.

काकांची गोळी अजिबात नको. या वयात तसल्या गोळ्यांनी गोंधळ वाढतो, रात्री बाथरूमला जाताना पडायची भीती वेगळीच.

छतावरच्या_मुंग्या: २०२१ मध्ये कोविडला मी यातून गेलोय. किटमधली माणसं माझ्या अवयवांचा लिलाव करतायत अशी माझी खात्री होती. मुलाला सांगायची लाज वाटायची, सांगितलं तर वेड्यात काढतील म्हणून. तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं, हे फार मोठं आहे. मला मानसोपचारतज्ज्ञांचा उपयोग झाला, पण मी "झोपेचे डॉक्टर" म्हणूनच गेलो होतो :) ते नाव चालून गेलं. नंतर तिथल्याच एका सिस्टरने दिवसाउजेडी तो बेड दाखवला. छताला ओल आली होती, तेव्हा मला छतावर दिसायच्या त्या मुंग्या म्हणजे तीच.

कांजूरकर: सायन, केईएम, नायर, तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. आधी नेहमीच्या फिजिशियनकडून चिठ्ठी घ्या, म्हणजे किडनीचा इतिहास बघून औषधाचा डोस ठरेल. थायरॉइड आणि बी-१२ तपासलंय का तेही विचारा. घरातून बोलायचं तर १४४१६, टेली-मानस. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. स्वतःला संपवायचं वगैरे बोलू लागले तर मात्र ओपीडीची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टीत न्या.

अवांतर: जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून गेलं तर ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात दाखवून लेप्टोची प्रतिबंधक गोळी घ्यावी. दरवर्षी सांगतात, दरवर्षी आपण विसरतो.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. व्हॉट्सअॅपचं डोक्यातच आलं नव्हतं. दादाच ग्रुपवर रोज अपडेट टाकायचा, आता त्यालाच वाचायला बसवते. @पांढरीसाडी, एक राहिलं. आई रात्री तीनतीनदा उठून बाबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावते. त्यांची झोप त्यानेही मोडते. तिला काय सांगू?

पांढरीसाडी: हे घरच्यांनाही होतं, त्यांनीही ते सगळं बघितलेलं असतं. डॉक्टरांना विचारून रात्रीचं मोजणं बंद करा, ऑक्सिमीटर तुमच्या कपाटात ठेवा. आणि १४४१६ वर पहिला फोन आईलाच लावून द्या. बाबा ऐकतील शेजारी बसून.