मदत हवी आहे: ‘भरपूर’ सांगणारे इंग्रजी शब्द

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. लक्ष्मी रोडवरची विसर्जनाची गर्दी असो की मंडईतले भाजीचे ढीग, मुलं सगळीकडे ‘लॉट्स ऑफ’च लिहितात. म्हणून नक्की आकडा न सांगता ‘पुष्कळ’ सांगणाऱ्या शब्दांचा तक्ता करतेय.

‘डझन्स ऑफ’ सोपं गेलं. ‘स्कोअर’ म्हणजे २०, हे कळल्यावर ‘स्कोअर्स ऑफ पीपल’ही पटलं. ‘मिरियड’ मूळचा ग्रीक, अर्थ १०,०००. आता नुसतं ‘असंख्य’. मला सर्वांत आवडतो ‘अम्प्टीन’, कारण त्यात वैताग आहे. ‘आय हॅव टोल्ड यू अम्प्टीन टाइम्स’ म्हणजे आपलं ‘छप्पन्न वेळा सांगितलं तुला!’ मुलांनी तो एका दमात उचलला.

घोळ पुढे आहे. ‘झिलियन’ हा खरा आकडाच नाही, ‘बिलियन’ मात्र खरा. त्यातही जुन्या ब्रिटिश पुस्तकांत तो एकावर १२ शून्यं. १९७४ पासून तिथल्या सरकारनेही एकावर ९ शून्यं हाच अर्थ धरला. हे दहावीला सांगावं का?

आणि ‘अ नंबर ऑफ बॉइज आर’, पण ‘द नंबर ऑफ बॉइज इज’ हा फरक मराठीतून कसा समजवता? नियम पाठ होतो, पेपरात पुन्हा चुकतो. शिवाय ‘हीप्स ऑफ’, ‘टन्स ऑफ’ बोलण्यात ठीक, पण निबंधात चालतील का? पेपर तपासणाऱ्या शिक्षकांनी कृपया जरूर सांगा. वाक्यांची उदाहरणं पुण्यातलीच द्या, मुलांना ती लगेच भिडतात.