व्हिटॅमिन डीच्या पुडीनं प्रोस्टेट आटतं का?

त्रिमूर्ती नगरची लेक
माझे बाबा ७३ वर्षांचे. सोनोग्राफीत प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची गाठ, वाढून ५२ ग्रॅमचं निघालं. डॉक्टरांनी लघवी मोकळी व्हायला टॅम्सुलोसिनची गोळी दिली, रात्रीचं उठणं चारवरून दोनवर आलं. त्याच सुमारास व्हिटॅमिन डी ११ निघालं म्हणून ६०,००० युनिटची पुडी दिली. आठवड्यातून एक, आठ आठवडे. अंबाझरीला सकाळी फिरणाऱ्या मंडळींत कोणी सांगितलं, डीनं प्रोस्टेट आटतं. तेव्हापासून बाबा आठवड्याला दोन पुड्या दुधातून घेऊन राहिले, पाच महिने झाले. आता परत पाच-पाच वेळा उठतात. माझ्याशी ते हे बोलत नाहीत, आईकडून कळलं. पुडी अजून वाढवायची म्हणतात. खरंच आटतं का?

महालातला औषधवाला
ताई, पुडी आजच बंद करा. तहान फार लागते का, पोट साफ होतं का, जेवणावर मन आहे का, हे आईंना विचारा. डी फार झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, मग मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही आणि लघवी वाढते. त्यात प्रोस्टेटचा दोष नसतो. डी आणि कॅल्शियम, दोन्ही तपासण्या उद्याच करा.
११ म्हणजे कमीच, २० च्या खाली कमतरता धरतात. पुडी देणं बरोबर होतं, पण हाडांसाठी. डी कमी असलेल्यांत प्रोस्टेटचा त्रास जास्त दिसतो हे खरं. पण ज्याला दर तासाला जावं लागतं तो घराबाहेर उन्हातही कमीच पडतो, म्हणून त्याचं डीही कमी असू शकतं. २००६ साली एलोकॅल्सिटॉल हे डीसारखं बनवलेलं औषध बारा आठवडे देऊन पाहिलं होतं. वाढ थांबली, लघवीच्या त्रासात फरक नाही पडला. आणि ते आपल्या पुडीतलं डी नव्हे.

निवृत्त मास्तर, वय ७१
बेटा, मला प्रोस्टेट आटवणारी ड्युटास्टेराइडची गोळी चालू आहे. फरक कळायला सहा महिने लागले, तोवर धीर धरावा लागला. एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेव. मागच्या थंडीत मी घरातलीच सर्दीची गोळी घेतली अन् लघवी पूर्ण अडली. रात्री दोन वाजता नळी टाकावी लागली, त्या दुखण्याची आठवण अजून जात नाही. बाबांना कोणतीही सर्दीची गोळी विचारल्याशिवाय देऊ नको.

त्रिमूर्ती नगरची लेक
रिपोर्ट आले. डी १६२, कॅल्शियम ११.६, दोन्ही जास्त. बद्धकोष्ठ महिन्याभरापासून होतं, आईनं वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी पुडी आणि कॅल्शियमच्या गोळ्या दोन्ही बंद केल्या, पाणी भरपूर प्यायला सांगितलं, आठ दिवसांनी परत रक्त तपासायचं. काका, मास्तर, तुमचे उपकार कसे फेडू? दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, रात्री किती वेळा? मी बाहेर जायला उठले, तर बाबा म्हणाले बस, अन् माझ्यासमोरच सांगितलं, पाच.