नुसतं 'अर्थिंग असमाधानकारक' लिहून तपासणी नापास करायची का?

जालना, परवानाधारक ठेकेदार
"काम चोख असलं की इन्स्पेक्टरला नियम विचारायची वेळच येत नाही," असं काल इथं एकानं लिहिलंय. हे मला अजिबात पटलेलं नाही. इन्स्पेक्टरच्या शेऱ्यात नुसतं 'अर्थिंग असमाधानकारक' असलं, म्हणजे यंत्राची बॉडी जमिनीशी जोडण्यात दोष आहे एवढंच कळलं, तर करायचं काय? मोटारीच्या बॉडीला जमिनीशी जोडणारी एकच पट्टी असेल तर दुसरी स्वतंत्र पट्टी टाकायची, हे अर्ध्या दिवसाचं काम. रीडिंग, म्हणजे जमिनीशी जोडणीचा ओहममध्ये मोजलेला रोध, जास्त असेल तर अर्थिंगचा नवा खड्डा घ्यावा लागतो. पट्टीचा साइज कमी असेल तर सगळी पट्टी बदला. तिन्हींचा खर्च वेगळा, आणि जिनिंगचा हंगाम तोंडावर आलेला असतो. 2003 च्या विद्युत कायद्यात कलम 162 खाली निरीक्षकाच्या निर्णयावर अपील आहे. कोणता नियम मोडला हेच माहीत नसेल तर अपील कशावर करायचं?

नांदेड, तपासणीच्या बाजूनं
नियम क्रमांक मागणाऱ्या बऱ्याच जणांना दुरुस्ती करायची नसते, वेळ काढायचा असतो. 2010 चे सुरक्षा विनियम जाऊन 2023 चे आले. सवयीनं जुना क्रमांक पडला की लगेच पत्र येतं, 'हे विनियम रद्द झालेत'. दोष तिथंच राहतो. रंगावरच आवळलेलं लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) आणि गंजून सैल झालेला बोल्ट डोळ्यांना दिसतो, त्याला क्रमांक कशाला? आणि खड्ड्यांचं तर बोलूच नका. तपासणीच्या आदल्या दिवशी खड्ड्यात मीठ आणि टँकरभर पाणी ओततात. रीडिंग झकास येतं आणि वैशाखात पुन्हा चढतं.

लातूर, सुपरवायझर
मिठाचा मुद्दा खरा आहे, त्यावर जरा नीट बोलू. मीठ पाण्याबरोबर झिरपून जातं आणि राहिलेलं खड्ड्यातली जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) नळी खातं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून नळीपासून सुटते. आपल्याकडं कित्येक ठिकाणी तिचा थर पातळ, खाली मुरूम आणि काळा पाषाण. आयएस 3043 या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान अडीच मीटरची नळी घातली तरी निम्मी मुरमातच जाते. त्यापेक्षा बोअर खोल घ्या, किंवा दोन इलेक्ट्रोड (जमिनीत पुरलेल्या नळ्या) लांबीच्या दुप्पट अंतरावर घालून जोडा. मोजताना त्या खड्ड्याला बाकीच्यांशी जोडणारी लिंक उघडा, नाहीतर टेस्टर सगळ्या खड्ड्यांचं मिळून रीडिंग दाखवतो. टेस्टरच्या दोन खुंट्या जमिनीत ठोकतात, त्यातला करंट स्पाइक खड्ड्यापासून 30 मीटरवर असेल तर पोटेन्शियल स्पाइक साधारण साडेअठरा मीटरवर हवा.

जालना
विषय खड्ड्याचा नाही हो! तुम्ही दोघं मिठातच अडकलात. उद्या कुणी मीठ ओतलं म्हणून सगळ्यांनाच मोघम शेरा द्यायचा?

नांदेड
आवाज चढवू नका. सुरक्षेचा प्रश्न आहे.

परभणी, वायरमन
सुरक्षा म्हणता, मग रीडिंग '5 ओहमच्या आत' हवं म्हणून पास-नापास करता, तो आकडा आणला कुठून? आयएस 3043 मध्ये प्रत्येक जागेला लागू पडेल असा एकच आकडा नाही. फॉल्टचा करंट फक्त खड्ड्यातूनच जाणार असेल तर 5 ओहमला 240 व्होल्टवर जास्तीत जास्त 48 अँपिअर मिळतात. 63 चा फ्यूज उडायचा नाही आणि मोटारीची बॉडी जिवंत राहील. उलट 300 मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर (जमिनीकडं करंट गळला की वीज तोडणारा) असेल तर बॉडीवर 50 व्होल्टच्या वर जाऊ नये या हिशेबानं 166 ओहमपर्यंत चालतं. म्हणजे 5 ओहमवर पास करणंही चुकीचं ठरू शकतं आणि नापास करणंही. शेऱ्यात आधार लिहिला की ही गफलत लगेच उघडी पडते.

नांदेड
ठीक आहे, एवढं मान्य करतो: मोजलेला आकडा, जागा आणि कशाशी ताडून नापास केलं, हे लिहायलाच हवं. पण क्रमांक चुकला म्हणून शेरा रद्द, हे कदापि मान्य नाही.

जालना
रद्द करा असं मी म्हटलंच नव्हतं. चुकीचा क्रमांक दुरुस्त करता येतो, कोऱ्या शेऱ्याला उत्तर देता येत नाही.

लातूर
आणि अर्थिंगचं रीडिंग मे महिन्यात, पाणी न टाकता घ्या. पावसाळ्यातलं रीडिंग जोडलेला टेस्ट रिपोर्ट तर आधी परत पाठवा.