शब्दचर्चा: क्रीमनं त्वचा 'सोलते' म्हणावं का?

सुरंगी: गुहागरजवळच्या गावातल्या बायकांसाठी चेहऱ्याच्या क्रीमांवर मराठी माहितीपत्रक लिहितेय. ग्लायकोलिक ॲसिडनं 'त्वचेचा वरचा थर सोलून निघतो' असं लिहिलं होतं. वाचून दाखवल्यावर एक काकी म्हणाल्या, "सोलल्यावर राहील काय?" खरं तर मेलेल्या पेशींची एकमेकींवरची पकड ॲसिड सैल करतं, मग त्या गळून पडतात. याला नेमकं क्रियापद सुचवा.

आगोट: 'कात टाकणे'. सगळ्यांना कळतं.

रातांबा: साप अख्खी कात एकदम टाकतो. आपली त्वचा कणाकणानं झडते. आजी भेगांना कोकमतेल लावायची, तेव्हा 'पापुद्रे सुटतात' म्हणायची. तेच घ्या. आणि ॲसिडला 'आम्ल' लिहा, शाळेत सगळे शिकलेत.

खाजण: डबीवर ॲसिड छापलंय. दुकानात आम्ल मागितलं तर काय देतील? आम्ल म्हटलं की आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस आठवतो. हायलुरॉनिक ॲसिड तर पापुद्रे सोडवतच नाही, ते पाणी धरून ठेवतं. उलट सी जीवनसत्त्व म्हणजेच ॲस्कॉर्बिक ॲसिड. 'जीवनसत्त्वे' आणि 'आम्ले' असे दोन रकाने केलेत तर ते कुठे बसवणार?

रातांबा: दोन्हीकडे. मला खटकतो तो 'जीवनसत्त्व' शब्दाचा भाबडा अर्थ. रेटिनॉल हे ए जीवनसत्त्वाचंच रूप, पण सुरुवातीला त्वचा लाल होते, कोरडी पडते, आणि गरोदरपणी ते लावायचं नसतं. नावात 'जीवन' आहे म्हणून कोणी गाफील राहू नये.

आगोट: 'साल' धरून एकही शब्द नको, हे मात्र पटलं. आमच्याकडे काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची सालपटं निघतात, टरफलातल्या तेलानं. त्या तेलातलं ॲनाकार्डिक ॲसिड रचनेनं सॅलिसिलिक ॲसिडचंच भावंड, आणि सॅलिसिलिक मुरुमांच्या क्रीममध्ये असतं. काकींची भीती अनुभवातून आलीय. ती शब्द बदलून जाणार नाही, प्रमाण किती ते सांगावं लागेल.

सुरंगी: प्रमाण घालते. पुढचं वाक्य: 'हे क्रीम लावल्यावर ऊन जास्त लागतं, म्हणून सनस्क्रीन लावा.'

खाजण: 'ऊन लागणे' म्हणजे उष्माघात! 'त्वचा रापते' लिहा.

रातांबा: रापण, म्हणजे किनाऱ्यावरून मासेमारीचं जाळं ओढणारे सगळेच रापलेले असतात, त्यात कोणाला धोका वाटत नाही. 'पोळते' हवं.

खाजण: पोळते ती विस्तवानं.

रातांबा: आणि वैशाखात पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, पाय काय होतात?